मीठ, उतारवय आणि रक्तदाब : घानातल्या बारा गावांची हकीकत



रानात मीठ फुटलं की काय होतं, हे ऊस पिकवणाऱ्याला सांगायला नको. पाणी वारेमाप पाजलं आणि निचऱ्याची सोय नसली, की जमीन पांढरी पडते आणि ऊस खुरटतो. जमिनीचं हे दुखणं निदान डोळ्यांना दिसतं. माणसाच्या अंगात जादा मीठ जातं, त्याचा मात्र लवकर पत्ता लागत नाही. या प्रश्नावर पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात, शेतकऱ्यांच्याच गावांतून एक मोलाचं काम झालं आहे. त्याची हकीकत या अंकात आम्ही सभासदांपुढे ठेवीत आहोत. देश दूरचा आहे, पण माणसं मातीत राबणारी आहेत आणि प्रश्न रोजच्या ताटातला आहे.

गावोगावची तपासणी

घानात अशांती नावाचा प्रदेश आहे. कुमासी हे त्याचं मुख्य शहर. त्या भागात कोको पिकतो. खाण्यासाठी साबुदाण्याचा कंद म्हणजे कसावा, भाजीची केळी आणि आपल्या कोनफळाच्या जातीचा याम ही पिकं घेतात. कुमासीच्या परिसरातील बारा गावं निवडण्यात आली. त्यांतली सहा अगदी खेडवळ आणि सहा शहराला लागून असलेली निमशहरी होती. घानातील आणि इंग्लंडमधील डॉक्टरांनी मिळून ४० ते ७५ वर्षे वयाच्या १,०१३ स्त्री-पुरुषांचा रक्तदाब मोजला. डॉ. जेकब प्लांज-रूल आणि डॉ. फ्रान्सेस्को काप्पुच्चो हे या कामात अग्रभागी होते.

२००४ साली या तपासणीचे आकडे प्रसिद्ध झाले. शंभरातल्या जवळजवळ २९ जणांचा रक्तदाब वाढलेला निघाला. वय जितकं जास्त, तितकं हे प्रमाणही जास्त. खेड्यांत ते शेकडा २४ होतं, तर निमशहरी गावांत शेकडा ३३.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. ज्यांचा दाब वाढलेला होता, त्यांतल्या शंभरातल्या अवघ्या २२ जणांना ते आधी माहीत होतं. बायकांत हे प्रमाण २७ होतं, पुरुषांत फक्त १४. म्हणजे शंभरातले ८६ पुरुष अंगात दुखणं बाळगून खुशाल हिंडत होते! रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. माणूस म्हणतो, “मला काय धाड भरलीय?” आणि एक दिवस अर्धांगाचा झटका येतो, नाहीतर हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होतं.

दोष रक्ताचा की राहणीचा?

काहीजण म्हणतील, त्या लोकांच्या रक्तातच असेल ते. त्याचं उत्तर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत मिळतं. मूळ पश्चिम आफ्रिकेच्या वंशाचे लोक तीन ठिकाणी तपासले गेले. पश्चिम आफ्रिकेत राहणाऱ्यांत वाढलेल्या दाबाचं प्रमाण शेकडा १६, कॅरिबियन बेटांवर २६ आणि अमेरिकेत ३३ निघालं. मूळ एकच, पण राहणी बदलली, खाणं बदललं, वजन वाढलं, तसा दाबही वाढला. तेव्हा सगळा दोष आजा-पणजाच्या माथी मारून चालणार नाही.

मीठ येतं कुठून?

एके काळी पश्चिम आफ्रिकेच्या आतल्या मुलुखात मीठ ही दुर्मिळ चीज होती. सहारा वाळवंटातल्या खाणींतून मिठाच्या लाद्या उंटांवर लादून आणीत आणि त्यांच्या बदल्यात सोनं देत. आज तेच मीठ कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्तात मिळतं. अशांतीच्या खेड्यातलं बरंचसं मीठ घरच्या चुलीवरच्या भांड्यातूनच पोटात जातं. ‘कोबी’ म्हणजे तिलापिया मासा मीठ लावून उन्हात वाळवलेला. ‘मोमोनी’ म्हणजे मीठ घालून मुरवलेला मासा. असे खारे मासे रश्श्याला चव आणण्यासाठी टाकतात. तयार मसाल्याच्या वड्या टाकतात, त्यांतही मोठा वाटा मिठाचाच. आणि एवढं करून वरून मीठ असतंच. खाणाऱ्याला वाटतं, आपण चिमूटभरच घातलं!

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. यात भाजी-आमटीतलं, खाऱ्या माशातलं, लोणच्या-पापडातलं असं सगळंच मीठ आलं.

वय वाढलं की मीठ का बाधतं?

मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. रक्तवाहिन्यांत पाणी वाढलं की दाब वाढतो. तरुणपणी मूत्रपिंडं जादा मीठ झटपट बाहेर टाकतात. वय झालं की त्यांची ताकद कमी होते, जसा गाळ साठलेला चर रानाचं पाणी लवकर काढीत नाही. शिवाय रक्तवाहिन्या ताठर होतात. नवी रबरी नळी पंपाच्या जोराबरोबर थोडी फुगते, पण उन्हानं कडक झालेली फुगत नाही; सगळा जोर तिच्यावरच बसतो. अंगातही तसंच होतं आणि वरचा दाब चढत जातो.

सहा महिन्यांचा प्रयोग

या बारा गावांपैकी निम्म्या गावांत सहा महिने मीठ कमी करण्याचा प्रचार केला गेला. बाकीच्या गावांना आरोग्याची इतर माहिती दिली, पण मिठाचा सल्ला दिला नाही. सल्ला साधाच होता : स्वयंपाकात मीठ कमी घाला, ताटात वरून घेऊ नका, खारा मासा कमी खा आणि खायचाच तर रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्या. अख्खं गावच एका बाजूला घेतलं, ही यातली शहाणपणाची गोष्ट. कारण एकट्यानं अळणी खायचं आणि घरच्यांनी झणझणीत, हे चार दिवसांपलीकडे टिकत नाही. लोक खरोखर किती मीठ खातात, हे चोवीस तासांची लघवी जमा करून तपासलं. तोंडी हिशोबावर भरवसा ठेवला नाही.

निकाल २००६ साली प्रसिद्ध झाला. तो जसा आहे तसाच सांगतो. प्रचार झालेल्या गावांत खालचा दाब इतर गावांच्या मानानं सुमारे ४ मिलिमीटरनं उतरला. वरचा दाब अडीच मिलिमीटरनं उतरला, पण एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. सगळी गावं मिळून पाहता मिठाच्या प्रमाणात ठोस घट दिसली नाही. लहान गावांत मात्र ते मोठ्या गावांपेक्षा जास्त उतरलं. जिभेची सवय मोडणं किती अवघड आहे, हेच यातून दिसतं. पण कुठल्याही गावचा माणूस असो, ज्याचं मीठ उतरलं त्याचा दाबही उतरला. रोजचं सुमारे ३ ग्रॅम मीठ कमी, तर सहा महिन्यांअखेर वरचा दाब सव्वा मिलिमीटरच्या आसपास कमी, असा हिशोब निघाला.

एका माणसाच्या दृष्टीनं ही घट किरकोळ वाटेल. पण थेंबे थेंबे तळे साचे, हे सहकारात वाढलेल्या माणसाला पटवावं लागत नाही. अख्ख्या गावाचा दाब थोडा जरी उतरला, तरी काही घरांतला कर्ता माणूस अर्धांगापासून वाचतो.

आपण काय घ्यावं?

या हकीकतीतून घेण्यासारखं एवढंच. चाळिशी ओलांडली की दुखण्याची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाब मोजून घ्यावा; पुरुष मंडळींनी तर जरूर. मीठ एकदम तोडू नये, आठवड्या-आठवड्यानं चिमूट कमी करावी. जीभ हळूहळू सरावते. घरात एकाचं नव्हे, सगळ्यांचंच कमी करावं. जे वापराल ते आयोडीनयुक्तच असावं. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठ मूत्रपिंडाच्या रोग्यानं डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

खारवट रान सुधारायला चर खणावे लागतात, वर्षं जातात, पैसा लागतो. ताटातलं मीठ कमी करायला मात्र दमडी लागत नाही. घरातल्या माउलीनं आणि धन्यानं मिळून मनावर घ्यावं, एवढीच आमची विनंती.