लॅपटॉपची किंमत शेवटी विचारा

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या आटोपल्या की सातारा-सांगलीच्या घराघरांत लॅपटॉपचा विषय निघतो. कराडचे शासकीय महाविद्यालय असो, सांगलीचे वालचंद असो की साखराळ्याचे राजारामबापू इन्स्टिट्यूट, मुलगा वा मुलगी पुढची चार वर्षे हे यंत्र वापरणार असते. दुकानात मात्र पहिला प्रश्न येतो तो ‘बजेट किती?’ हा, आणि घोळ तिथेच सुरू होतो. किंमत, वजन आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांतली शेवटची बाब बहुतेकांच्या मर्जीवर नसतेच. अभ्यासक्रम किंवा धंदा ती आधीच ठरवून मोकळा झालेला असतो.

यांत्रिकी शाखेला लागणारे सॉलिडवर्क्स आणि कॅटिया विंडोजवरच चालतात, स्थापत्यवाल्यांचे रेव्हिटही तसेच. सांगलीच्या हळदपेठेतला अडत्या असो की साताऱ्यातला करसल्लागार, त्याचा टॅली प्राइमही विंडोजचाच. जुन्या इंटेल मॅकवर विंडोज थेट टाकता येत असे. अ‍ॅपलने 2020 पासून स्वतःच्या चिप आणल्या आणि ती वाट बंद झाली. मधल्या सॉफ्टवेअरच्या आधाराने काही गोष्टी चालवता येतात, पण परीक्षेच्या आदल्या रात्री असल्या खटपटीत कोणी पडू नये. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याचे गणित वेगळे. त्याचे पायथन, जावा विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्ही प्रणालींवर सारखेच चालते. मराठी टंकलेखनाचाही अडसर नाही, कारण इनस्क्रिप्ट कळफलक तिन्हींकडे आहे.

‘मग फुकटचे लिनक्स का नको?’ हा आक्षेप रास्त आहे आणि तो वापरलेल्या लॅपटॉपच्या बाजारात सर्वाधिक लागू पडतो. कंपन्यांनी काढून टाकलेली दणकट यंत्रे नव्याच्या निम्म्या किमतीतही मिळतात. मात्र विंडोज 10 ची नियमित सुरक्षा अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली, आणि विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 व सर्वसाधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र ‘विंडोज 11 टाकून देतो’ म्हणत कोणी गळ्यात मारत असेल, तर तो अधिकृत मार्ग नव्हे. त्याच यंत्रावर लिनक्स मिंट टाकले तर वाचन, लेखन, प्रोग्रामिंग यांसाठी ते आणखी काही वर्षे बिनतक्रार चालेल. टॅली किंवा सॉलिडवर्क्स लागणार असेल तर ते स्वस्तही महागच. विंडोजशिवाय विकल्या जाणाऱ्या नव्या ‘डॉस’ लॅपटॉपचेही तेच. विंडोजचे पैसे वाचवायचे आणि मग ओळखीच्या मुलाकडून चोरीची प्रत टाकून घ्यायची, याला बचत म्हणवत नाही.

वजनाकडे आपल्याकडे फारच कमी लक्ष जाते. वसतिगृहात राहणाऱ्याला सव्वादोन-अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप चालून जाईल. पण तासगावहून सांगलीला किंवा साताऱ्याहून कराडला रोज एसटीच्या पासवर ये-जा करणाऱ्याच्या पाठीवर अ‍ॅडॉप्टर धरून तीन किलो पडतात. असे यंत्र लवकरच घरच्या टेबलावर कायमचे बसते, म्हणजे लॅपटॉपचे पैसे देऊन डेस्कटॉप घेतल्यासारखेच. गेमिंगवाले म्हणतात, ग्राफिक्स कार्ड लागतेच. मोठ्या त्रिमितीय रचना आणि मशीन लर्निंगचे जड काम असेल तर खरे आहे. पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगला ते लागत नाही. रोज फिरणाऱ्याने दीड किलोच्या आसपास राहावे आणि चार्जिंग यूएसबी-सीवर होते का, हे पाहावे.

उरली किंमत. ती वर्षांनी भागून बघा: समजा 45 हजारांचे यंत्र तीन वर्षांत थकले, तर वर्षाला 15 हजार पडले, 60 हजारांचे पाच वर्षे टिकले, तर 12 हजार. अर्थात एकरकमी 15 हजार जास्त काढणे प्रत्येक घराला जमत नाही, आणि तिथे हे गणित ऐकवणे शहाणपणाचे नाही. त्यांच्यासाठी आठव्या किंवा पुढच्या पिढीचे, बिल आणि हमी असलेले वापरलेले यंत्रच बरे. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या यंत्रावरचा 18 टक्के कर सामान्यतः वळता करून घेता येतो. त्याने पक्के बिल सोडू नये.

पैसे मोजण्यापूर्वी महाविद्यालयातून सॉफ्टवेअरची यादी आणा. दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: रॅम पुढे वाढवता येते की मदरबोर्डलाच कायमची जोडलेली आहे, आणि बिघडल्यास दुरुस्ती गावातच होईल की कोल्हापूर-पुण्याला हेलपाटे पडतील?