किरायाची खोली आणि चार ओळींचा कागद

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या बसस्थानकावर एक दृश्य हमखास दिसतं. एसटीतून वडील उतरतात, खांद्यावर गादीची वळकटी. मागे मुलगा किंवा मुलगी, हातात पुस्तकांची पिशवी. 'लातूर पॅटर्न'मध्ये अकरावी-बारावी करायची असते. नांदेडला क्लासेसच्या आसपास हेच चित्र. दोन-तीन गल्ल्या फिरून खोली ठरते. किराया चार हजार, डिपॉझिट दहा हजार, लाइट बिल वेगळं. पैसे दिले जातात, चावी मिळते. कागदाचा विषय निघाला तर मालक म्हणतात, "अहो, पोरगी घरच्यासारखीच राहील, कागद कशाला?"

हे ते मनापासून म्हणत असतात. अडचण येते दोन वर्षांनी, खोली सोडताना. रंग खराब झाला, नळ तुटला, म्हणून डिपॉझिटमधले सहा हजार कापले जातात. वडील म्हणतात, आम्ही आलो तेव्हाच नळ गळत होता. दोघंही खरं बोलत असतील, पण सांगायला तिसरं कुणी नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला सहा हजार म्हणजे क्विंटलभराहून जास्त सोयाबीनचे पैसे. उलट बाजूही आहे. खोलीच्या किरायावरच घर चालवणाऱ्या एखाद्या विधवा मावशींकडे किरायदार मुदत संपल्यावरही हलत नाही, तेव्हा मुदत नेमकी किती ठरली होती हे त्यांनी दाखवायचं कशावरून?

आपल्याकडे या बाबतीत थोडा गोंधळ आहे आणि त्याला इतिहासही आहे. मुंबई-पुण्याकडे १९४७चा मुंबई भाडे कायदा होता, विदर्भात वेगळा आदेश होता, आणि मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४चा घरभाडे कायदा चालत होता. हे तिन्ही जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं ५५वं कलम मालक आणि किरायदार दोघांनीही माहीत करून घ्यावं असं आहे. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, असं ते सांगतं. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल किरायदार जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. म्हणजे "कागद कशाला" म्हणणारे मालक स्वतःचीच बाजू लंगडी करून घेतात.

मग अकरा महिन्यांच्या 'बाँड'चं काय? नोंदणी कायदा १९०८चा. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्यात नोंदणीची सक्ती नव्हती, म्हणून अकरा महिन्यांची चाल पडली. बाँड पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारला की झालं, असा समज अजून आहे. महाराष्ट्रात ५५व्या कलमानंतर त्याला अर्थ उरलेला नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्चाची भीतीही उगाच आहे. लिव्ह अँड लायसन्स कराराला मुद्रांक शुल्क लागतं ते एकूण किराया, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणारी रक्कम, यांच्या पाव टक्का. वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांचे ४४ हजार, डिपॉझिटवरचे सुमारे ९१७. शुल्क येतं ११२ रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन किंवा ऑनलाइनही हे होतं. राहण्याच्या जागेचा असा करार असेल तर मुदत संपल्यावर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे कब्जा मागता येतो, आणि न सोडणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते.

एक गोष्ट पालक विसरतात. अकरावीचं लेकरू अठरा वर्षांचं नसतं. त्याच्या सहीचा करार कायद्याने करारच नव्हे. सही आई किंवा वडिलांची हवी; कोण राहणार ते आत लिहावं.

छापील नमुन्यात नसलेल्या बाबी हाताने घालून घ्या. पंखा, पलंग, नळ कोणत्या अवस्थेत आहेत. मीटरचं आजचं रीडिंग. डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि कशासाठी कापता येईल. आणि पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना हे सांगायला नको. तेव्हा टँकरचे पैसे कुणी द्यायचे यावरून घराघरांत कुरबुरी झाल्या. कुणाच्याच कागदावर टँकर हा शब्द नव्हता.

किरायाची पावती देणं याच कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. मोबाइलवरून पैसे पाठवत असाल तर सोबत 'जून महिन्याचा किराया' एवढं तरी लिहा. नुसता आकडा असला की तो किराया, उसनवारी की लाइट बिल, हे वर्षभराने कुणाला आठवणार?

खोली सोडण्याचं पत्रही तोंडी नको. त्यात फार काही लागत नाही:

"महोदय, आपल्या घरातील पहिल्या मजल्यावरील खोली मी ३१ मे रोजी रिकामी करीत आहे. करारानुसार एक महिन्याची सूचना या पत्राने देत आहे. त्या दिवशी मीटरचे रीडिंग व सामान आपल्यासमक्ष तपासून चावी देईन. अनामत रुपये दहा हजार ठरल्याप्रमाणे परत मिळावी."

खाली सही आणि तारीख. दोन प्रती करा, एकीवर "मिळाले" अशी मालकांची सही घ्या. सही द्यायला कां-कूं झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. जुनी रजिस्टर्ड टपालाची सेवा २०२५ मध्ये त्यातच विलीन झाली आहे. चावी देण्याच्या दिवशी कराराच्या मागे एक ओळ लिहायची: खोली मिळाली, इतके रुपये परत दिले, इतके अमुक कारणाने कापले. खाली दोघांच्या सह्या, आणि एक झेरॉक्स वडिलांच्या खिशात.