तंबोऱ्यावरचं व्हायोलिन

आमच्या घरचा रेडिओ तापायला वेळ घ्यायचा. वडील पहाटे बटण फिरवून चहाचं आधण ठेवायला जायचे. आधी खरखर, मग तंबोरा आणि त्यावर व्हायोलिनची ती सुरावट, आकाशवाणीची ओळखधून. ती कुणी बांधली, हा प्रश्न मला चाळिशी उलटेपर्यंत पडला नाही. पडला, आणि वाल्टर काउफमान नावाचा माणूस मानगुटीवर बसला.

१९०७ साली कार्ल्सबादला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्लोव्ही व्हारीला, ज्यू घरात जन्म. बर्लिनमध्ये शिक्षण, तिथेच ऑपेराच्या वाद्यवृंदापुढे उभं राहण्याची उमेदवारी. प्रागला डॉक्टरेट हाताशी आली असताना मार्गदर्शक नाझी तरुणांचा पुढारी असल्याचं कळलं, तशी त्याने पदवीच नाकारली. फेब्रुवारी १९३४मध्ये तो मुंबईला उतरला. सिनेमावाले मोहन भवनानी बर्लिनपासूनचे ओळखीचे, तेवढाच आधार.

तीन महिन्यांत त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम. मे १९३७पर्यंत १३६ झाले. पियानोवर तो स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांचे वडील.

पण मला गुंतवलं ते त्याच्या एका पत्राने. आपलं संगीत त्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते त्याला परकं आणि अगम्य वाटलं, हे तो आडपडदा न ठेवता लिहितो. मात्र पुढे म्हणतो की लाखो लोकांना जे प्रिय आहे ते कळत नसेल तर चूक माझीच. जिथे ते जन्मलं तिथे जाऊन शिकायला हवं. वाद्यवृंदाच्या संचालकाचा धंदाच मुळी दुसऱ्याची चूक पकडण्याचा. कोण अर्धी मात्रा उशिरा आलं, कुणाचा स्वर उतरला! त्या माणसाने आपल्याच कानाला दोषी ठरवावं, याचं मला अजून अप्रूप आहे.

आता त्या सुरावटीचा वाद. श्रेय कुणी ठाकूर बलवंत सिंगांना देतात, कुणी जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराला, बहुतेक जण काउफमानला. शंका काढणारे म्हणतात की धून १९३६ची सांगतात, आणि काउफमान आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला १९३७मध्ये. मुद्दा बरोबर, पण फोल्ड्सही दिल्ली केंद्रावर रुजू झाले ते १९३७मध्येच! शिवरंजनीच्या वळणाची ती चाल मेहलींच्या गजातून उतरली असं सांगतात, आणि मेहली तर दर गुरुवारचे याच्या शेजारचे. माझं मत काउफमानच्या पारड्यात.

१९४६ला त्याने मुंबई सोडली. लंडन, मग कॅनडातलं हॅलिफॅक्स, मग १९४८पासून विनिपेग सिम्फनीचं संचालकपद. ही वर्षं कर्तबगारीची असतील, पण मला ती वाचताना जांभया आल्या.

खरी गंमत १९५७ची. पन्नाशीच्या या माणसाने इंडियाना विद्यापीठात संगीतशास्त्राची प्राध्यापकी धरली आणि मुंबईत केलेला अभ्यास बाहेर काढला. १९६८ला उत्तर हिंदुस्थानी रागांवरचं त्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं, १९७६ला दक्षिणेकडच्या रागांवरचं. उत्तरेच्या पुस्तकातली मांडणी दहा थाटांची, म्हणजे आपल्या भातखंड्यांची. वकिली सोडून संगीतशास्त्राला वाहून घेतलेले भातखंडे १९३६ला वारले, तेव्हा हा मुंबईतच होता. एकाने कोर्ट सोडलं, दुसऱ्याने संचालकाची छडी खाली ठेवली. मधला धागा तेवढा त्या दहा थाटांचा.

ग्रंथालयातून मी उत्तरेचं पुस्तक आणलं, तेव्हा त्याच्या मागच्या खिशातल्या कार्डावर तीनच तारखांचे शिक्के होते. आत राग पाच रेघांवर मांडलेले. मला ते वाचता येईनात. शेवटी शेजारच्या पियानो शिकणाऱ्या मुलीपुढे कल्याण थाटाचं एक पान धरलं. तिने सावकाश वाजवलं आणि विचारलं, “काका, हे कुठलं गाणं?”

यमन होता. मींड नव्हती, पण तीव्र मध्यम अगदी जागेवर.