पंचेचाळिशीतली शारदा

माळा आवरताना देवलांचं ‘संगीत शारदा’ हाती लागलं आणि झाडू बाजूला ठेवून मी तिथंच वाचत बसले. शाळकरी वयात हे नाटक पाहिलं तेव्हा बोहल्यावर चढू पाहणाऱ्या म्हाताऱ्या भुजंगनाथाला हसून हसून पोट दुखलं होतं. आता पन्नाशी उंबऱ्यावर आलीय, तर हसू येईना.

हे लग्न मोडतं कशामुळे? शारदा नको म्हणते म्हणून नव्हे. वधूवर सगोत्र निघतात म्हणून! तिचं रडणं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण रडण्याला शास्त्राधार नसतो, गोत्राला असतो. पुढं ती जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो, शंकराचार्यांची संमती मिळते आणि पडदा पडतो. (१८९९ मध्ये नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा हे रडणंसुद्धा पुरुष नटच रडत होता, ते सोडा.)

त्या वर्षी शारदा चौदाची होती असं धरलं, तर १९३० मध्ये ती पंचेचाळीस वर्षांची होते. हरविलास सारडा यांच्या प्रयत्नांनी १९२९ मध्ये झालेला बालविवाह प्रतिबंधक कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. आपल्याकडे तो ‘शारदा कायदा’ म्हणूनच ओळखला गेला.

मला ती दिसते, सोप्यात तांदूळ निवडत बसलेली. कोदंड वर्तमानपत्र वाचून दाखवतोय.

‘‘मुलीला चौदा पूर्ण हवीत. मुलाला अठरा.’’

‘‘आणि जास्तीत जास्त किती?’’

‘‘कुणाला?’’

‘‘नवऱ्याला.’’

कोदंड उगीचच चष्मा पुसतो. कायद्यात वरची मर्यादा नाहीच. शारदेला चौदा पूर्ण असती तर भुजंगनाथ त्यातही अलगद बसला असता. शिवाय कायदा मोडून लावलेल्या लग्नाला शिक्षा होती, पण ते लग्न रद्द होत नव्हतं.

‘‘अहो, त्या थेरड्याचं गोत्र वेगळं निघालं असतं, तर?’’

तीस वर्षं जपून ठेवलेला हा प्रश्न ती तांदळावरची नजर न काढता विचारते. कोदंड भला माणूस. पण उत्तर त्याच्याकडेही नाही.

मी तरी काय केलं? गेल्या महिन्यात मुलीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा तिला आवडला नाही. का, ते तिनं नीट सांगितलं, मला पटलंही. मग मुलाच्या आईला मी फोन केला आणि म्हणाले, ‘‘पत्रिका जुळत नाही हो.’’

मुलगी शेजारच्या खोलीत होती. तिनं ऐकलं असणार.