‘फोनो’ की ‘ऑक्स’? पिन कुठे लावायची?

घरातला जुना अ‍ॅम्प्लिफायर टीव्हीला किंवा मोबाइलला जोडताना पिन ‘फोनो’त लावू नका. ती जागा फक्त मॅग्नेटिक कार्ट्रिजच्या रेकॉर्ड प्लेअरची. त्या कार्ट्रिजमधून जेमतेम 5 मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेअरमधून 2 व्होल्टपर्यंत. फरक सुमारे 400 पट! शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. फोनोचं सर्किट नेमकं उलट करून मूळ आवाज परत आणतं. ‘पण फोनोत आवाज मोठा येतो, मग बिघडलं कुठे?’ असं काहीजण विचारतात. तो मोठा नव्हे, फाटलेला आणि नको तितका घुमणारा आवाज असतो. सीडी, ट्यूनर, ऑक्स या जागा मात्र बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सारख्याच, तिथे नावावर अडू नका. रेकॉर्ड प्लेअरमागे ‘फोनो/लाइन’ बटण असेल आणि ते ‘लाइन’वर असेल, तर तोही ऑक्सलाच जोडा. पिन बदलण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करायला विसरू नका.