निशिगंधाचा बहर सरल्यावर

निशिगंधाची शेवटची कळी गळली, की अनेक जण पानांसकट झाड छाटून टाकतात. पुढचा बहर तिथेच हातचा जातो! सुकलेला दांडा तेवढा कापावा. हिरव्या पानांना हात लावू नये, कारण तीच अन्न तयार करून कंदात साठवतात.

मूळच्या मेक्सिकोतल्या या झाडाचा कंद एकदाच फुलतो. पुढची फुलं येतात ती त्याला बिलगून वाढलेल्या पिल्लांना. म्हणून दांडा कापल्यावरही पाणी आणि थोडं शेणखत चालू ठेवावं.

थंडीत पानं पिवळी पडली, की पाणी तोडावं. कंद उकरून, माती झाडून सावलीत हवेशीर पसरावेत. ओल राहिली तर ते कुजतात. एप्रिल-मेमध्ये टपोरे, टणक कंद पुन्हा लावावेत. बारीक पिल्लंही टाकू नयेत. त्यांना फुलायला जास्त वेळ लागतो, इतकंच.