मेलेल्यांची समता

श्रोतेहो, कामगार चळवळीतल्या माणसाने प्रेते उठवणाऱ्या मांत्रिकाची गोष्ट कशाला सांगावी, असे काहींच्या मनात आले असेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिकणे वाचनालयात आणि गेटसभांत झाले. चारचौघे ज्यात रमतात ते हिणवण्याआधी पाहावे, ही सवय तेथलीच. चाळीतली मुले संगणकावर रात्र रात्र एक खेळ खेळत, म्हणून मी त्यांच्या शेजारी बसून तो समजून घेतला.

खेळाचे नाव ‘वॉरक्राफ्ट ३’. अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीने तो २००२ साली काढला. त्यातला केलथुझाद हा दालारान नगरीतला थोर जादूगार. निषिद्ध प्रेतविद्येच्या नादाने तो उत्तरेच्या हिमप्रदेशात गेला आणि तेथे बर्फात कोंडलेल्या लिच किंगचा चाकर झाला.

आता त्याची कार्यपद्धती पाहा. लॉर्डेरॉनच्या राज्यात तो फौज घेऊन येत नाही. तो एक पंथ काढतो. त्या पंथात कोण जातात? कामाने पिचलेले, थकलेले कष्टकरी. त्यांना तो समता देऊ करतो आणि अमरत्वही. अट एकच, निमूट आज्ञापालन. मग अँडोरहालच्या कोठारातून रोगट धान्य गावोगाव जाते. ते खाणारा मरतो आणि मेलेला उठून धन्याची चाकरी करू लागतो. त्याला पगार नाही, रजा नाही, आणि संपाचा तर प्रश्नच नाही! राजपुत्र आर्थस केलथुझादला ठार मारतो. पण पुढे तोच आर्थस लिच किंगचा दास होतो आणि सनवेल नावाच्या दिव्य कुंडाच्या शक्तीने त्याला पुन्हा उठवतो.

लक्षात घ्या, केलथुझादचे वचन पुरते खोटे नव्हते. प्रेतांमध्ये समता असतेच. कारण तेथे कोणालाच स्वतःची इच्छा उरत नाही.

त्या कष्टकऱ्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. आमच्या कारखान्याला टाळे लागले, तेव्हा दामदुपटीचे आमिष दाखवणारा एक गृहस्थ वस्तीत आला. माझ्या सोबत्यांनी नुकसानभरपाईचे पैसे त्याच्या हाती दिले, आणि ते बुडाले. तो रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसत असे. मी मात्र कोर्टाच्या तारखांत गुंतलो होतो. थकलेल्या माणसापाशी जो बसतो, त्याचेच तो ऐकतो. यात माझीही चूक होती.

म्हणून समता देऊ करणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत: हिशेब कोण पाहणार? आणि मला ‘नाही’ म्हणता येईल काय? केलथुझादपाशी या प्रश्नांना उत्तर नाही.

शेवटी एक वार्ता सांगतो. याच कथाविश्वावर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ २००४ साली निघाला. त्यातही केलथुझाद आहे. २०२४ च्या जुलैत तो खेळ घडवणाऱ्या पाचशेहून अधिक अमेरिकन कामगारांनी आपली युनियन स्थापन केली. मेलेल्यांची फौज चितारणारे ते हात जिवंत माणसांचे आहेत, आणि आपल्या कामाच्या अटींवर बोलण्याचा हक्क त्यांनी मागितला.